चार बोटं उंची

घरात तिला सगळे ‘मोठी’ म्हणायचे. धाकटा भाऊ तोंडावर ताई म्हणायचा, पण बाहेर कुणाला सांगताना तोही ‘आमची मोठी’ असंच म्हणायचा. दातांच्या डॉक्टरांमध्ये ती ‘कवळीवाल्या ताई’ म्हणून माहीत होती. ती कवळ्या बनवायची, आणि अशा बनवायची की सख्ख्या जावयालासुद्धा सासूचे दात खरे वाटावेत.

तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत तिचं काम चाले. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर रांगेने मांडलेले प्लास्टरचे जबडे, मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा आणि दिवसभर घासायच्या यंत्राची घरघर. धाकट्याची बायको, म्हणजे वहिनी, लग्न होऊन आली तेव्हा पहिल्यांदा त्या खोलीत डोकावली आणि एवढे जबडे आपल्याकडे बघून हसताहेत हे पाहून दारातूनच मागे फिरली होती. आता तीच तिथे बसून कपड्यांच्या घड्या घालायची आणि कुठला जबडा कुणाचा असेल यावर अंदाज बांधायची.

मोठीचे पाय चालत नव्हते. पंचविशी ओलांडली आणि मणक्यात गाठ निघाली. गाठ काढली, पण जाताना ती पायांतली सगळी ताकद घेऊन गेली. मोठी त्यावर फार बोलत नसे. कुणी हळहळायला लागलं की ती त्याच्या तोंडाकडे निरखून बघायची आणि विचारायची, डावीकडची दाढ ठणकते का हो अधूनमधून? हळहळणारा गप्प होऊन जीभ दाढेवर फिरवायला लागायचा.

बाकीच्या कवळ्या बनवणाऱ्यांकडे ठसे पार्सलने येत आणि दात पार्सलने जात. मोठीला ते पटत नसे. माणूस बोलताना ओठ कुठवर उचलतो, हसताना हिरडी दिसते की नाही, हे बघितल्याशिवाय दात लावायचे म्हणजे आंधळ्याने दाढी करण्यातला प्रकार, असं ती म्हणायची. म्हणून ती स्वतः दवाखान्यांत जायची, आणि त्यासाठी तिने जुनी गाडी घेऊन तिच्यात हाताने चालवायची सोय करून घेतली होती. स्टिअरिंगखाली एक दांडा होता. पुढे ढकलला की ब्रेक लागायचा आणि आपल्याकडे ओढला की गाडी वेग घ्यायची. मागच्या सीटवर कवळ्यांची पेटी ठेवून तिला ती सीटचा पट्टा बांधायची. परवाना मिळाला त्या दिवशी घरी येऊन तिने आईला बाजूला बसवलं आणि शहराला एक आख्खी प्रदक्षिणा घातली. आईने दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती, पण चकार शब्द काढला नाही.

गाडी चालवणं सोपं होतं. गाडीत बसणं हे खरं काम. चाकांची खुर्ची दाराला भिडवायची, खुर्ची आणि सीटच्या मध्ये गुळगुळीत फळी टाकायची, मग हातांवर भार घेऊन सरकायचं. गाडीची सीट खुर्चीपेक्षा चार बोटं उंच होती, त्यामुळे फळी नेहमी चढती लागायची. तरुणपणी ते जाणवलंही नाही. पण दिवसातून पाच-सहा वेळा असं वर्षानुवर्षं चाललं, आणि चाळिशी उलटल्यावर उजवा खांदा बोलायला लागला. आधी कुरकुर, मग ठणका, मग अशी कळ की केस विंचरताना फणी हातातून गळून पडायची.

हाडांच्या डॉक्टरणीने तपासून स्वच्छ सांगितलं की पायांचं काम तुम्ही इतकी वर्षं खांद्याकडून करून घेतलंत, आता तो झिजलाय. सपाट सरकलात तर चालेल, चढ बंद. नाहीतर एक दिवस स्नायू फाटेल, आणि मग खुर्चीचं चाकसुद्धा दुसऱ्या कुणीतरी फिरवावं लागेल.

मोठीने घरी येऊन सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं की गाडी चार बोटं खाली आली पाहिजे.

तिने बाकीचे मार्ग चाचपून बघितले नव्हते असं नाही. यंत्राने खालीवर होणारी सीट मिळते, पण तिच्या गाडीच्या दारात ती मावत नव्हती. खुर्चीची उशी जाड केली असती तर गुडघे कामाच्या टेबलाखाली जात नव्हते. धाकटा म्हणाला, ड्रायव्हर ठेवू. ती म्हणाली, ड्रायव्हर गाडी चालवेल, मला उचलून कोण ठेवणार, आणि मी कुणाला उचलू का देऊ? विषय तिथेच संपला.

एका मोठ्या गॅरेजला फोन केला. त्यांनी गाडी बघावी लागेल, स्प्रिंगा मागवाव्या लागतील, धक्के शोषणारे शॉकॲबसुद्धा बदलावे लागतील, बरेच आठवडे जातील असं सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून धाकट्याने नीट ऐकू आलं नसेल म्हणून फोन दुसऱ्या कानाला लावला. आकडा तोच होता.

मग धाकट्यानेच ‘फटाफट’चं नाव काढलं. हा त्याचा शाळेतला मित्र. बाजारामागच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं आणि कुठल्याही कामाला तो ‘फटाफट करून देतो’ म्हणायचा, म्हणून हे नाव. पोरांच्या गाड्या तो खाली बसवून द्यायचा. गाड्या जमिनीला चिकटून धावायला लागल्या की पोरं खूश असायची.

फटाफट घरी आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चाकाच्या वर हात घालून बघितलं आणि म्हणाला, “ताई, स्प्रिंगचा दीड वेढा कापला की झालं. सकाळी द्या, दुपारी न्या.”

मोठीने विचारलं, त्याने काही बिघडणार नाही ना? फटाफट म्हणाला, इतक्या गाड्या केल्या, एकही परत आली नाही. परत न येण्याचं दुसरंही कारण असू शकतं, हे तेव्हा तिच्या मनात आलं नाही. खरं सांगायचं तर मनात येऊ दिलं नाही. खांदा दुखत होता, दवाखान्यांतून फोनवर फोन येत होते, आणि समोर उभा असलेला माणूस दुपारपर्यंत सगळं ठीक करून देतो म्हणत होता. तिने किल्ली दिली.

त्या दुपारी ती फळीवरून सीटवर सरकली तेव्हा तिला हसूच फुटलं. फळी सपाट होती. ती लोण्यावरून सुरी जावी तशी गेली. खुर्चीतून सीटवर, सीटवरून खुर्चीत, उगाचच दोन-तीनदा तिने करून बघितलं. वहिनी दारातून म्हणाली, आता झोका बांधायचाच बाकी राहिलाय.

पुढच्या दिवसांत गाडीने आपल्या परीने सांगायला सुरुवात केली. रस्त्यातला छोटासा उंचवटा आला तरी खालून ठोसा बसल्यासारखा हादरा यायचा. वळणावर मागच्या चाकाकडून घासल्याचा आवाज आणि जळक्या रबराचा वास यायचा. ब्रेक लावला की गाडीचं नाक जमिनीत घुसायला निघायचं. मागे डावीकडून अधूनमधून ‘खट्’ असा आवाज यायचा, कुणीतरी डबा आपटावा तसा. हादऱ्यासरशी तिचा हात दांड्यावरून हलायचा, आणि ज्या हाताच्या इशाऱ्यावर ब्रेकही आहे आणि वेगही, तो हात हलून चालत नाही.

एकदा एका दवाखान्यात पोचून तिने पेटी उघडली तर प्लास्टरच्या जबड्याचे दोन तुकडे झालेले. डॉक्टरांनी विचारलं, ताई, पेशंटने चावलं का? ती हसली, घरी आली आणि पेटीत स्पंजचा जाड थर घातला. फटाफटला विचारलं तर तो म्हणाला, नवी सवय आहे, गाडी बसेल हळूहळू. बसण्यासारखं आता तिच्यात काही उरलेलंच नव्हतं, पण मोठीने मान डोलावली. जबडे वाचवायला स्पंज घातला, स्वतःला वाचवायला काही केलं नाही.

मग तो दिवस आला. आईला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन, रस्ता ओळखीचा. आई पुढे बाजूच्या सीटवर बसून शेजारणीच्या सुनेची हकिकत सांगत होती. पुलावरून उतरताना, उतार जिथे रस्त्याला मिळतो तिथे, डांबराला एक उंचवटा आणि लगेच खोलगट होतं. वेग काही फार नव्हता. उंचवट्यावर गाडी उचलली गेली, आणि ‘खट्’ आवाज झाला. या वेळी त्यानंतर गाडीचा मागचा डावा कोपरा खाली बसला तो वर आलाच नाही. पुढच्या क्षणी खोलगट आलं. गाडी आपटली, मोठी पट्ट्यात पुढे फेकली गेली आणि तिच्या अंगाच्या सगळ्या वजनाने दांडा पुढे ढकलला गेला. ब्रेक कचकन लागला. गाडीची मागची बाजू फिरली आणि आईच्या बाजूने गाडी कठड्यावर जाऊन धडकली.

समोरून सायकलवर येणारा एक सुतार वेळीच बाजूला झाला म्हणून वाचला. त्याच्या कोपराला खरचटलं होतं, हत्यारांची पिशवी रस्त्यावर विखुरली होती. तो तोंडाचा पट्टा सोडायच्या तयारीनेच खिडकीशी आला, आत बघितलं आणि थेट दार उघडायच्या मागे लागला. आई शुद्धीवर होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती एवढंच म्हणाली, “मोठे, तुला लागलं का?”

आईच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. मोठीला पट्ट्याचा काळानिळा वळ सोडून काही झालं नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटत होती. इस्पितळाच्या खोलीत आई हात गळ्यात बांधून उशीला टेकली होती. पलंगाच्या एका बाजूला मोठी, दुसऱ्या बाजूला धाकटा, तो खाली मान घालून बसलेला. मित्र त्याने आणला होता, त्यामुळे तोंड वर करायची त्याची हिंमत नव्हती.

शेवटी तोच म्हणाला की आता पुरे झालं, गाडी विकून टाकू, मी आणत-नेत जाईन. पायथ्याशी उभ्या वहिनीनेही होकाराची मान डोलावली. मोठीलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

आई म्हणाली, “गाडी विकायचं नाव काढू नका. आणि मला आत्ता मरूनही चालणार नाही. घरात खांदा द्यायला धड खांदा उरलाय कुणाचा?”

धाकट्याला हसू आवरेना. मग आईने मोठीकडे बघितलं, आणि त्या नजरेत हसू नव्हतं.

“एक सांग मला,” ती म्हणाली. “चावा जुळत नाही, हिरडीला टोचते, अशी कवळी तू कुणाला दिली असतीस? नवी सवय आहे, बसेल हळूहळू, असं म्हणून?”

मोठीने मान हलवली. नाही.

“मग गाडी कशी घेतलीस तशी? जा, नीट करून आण. मला त्याच गाडीतून घरी यायचं नाहीये, पण माझं हाड जुळेपर्यंत ती नीट झालेली असली पाहिजे.”

दुसऱ्या दिवसापासून मोठी कामाला लागली. विचारत विचारत तिला गावाबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीतलं एक वर्कशॉप सापडलं. ते चालवणाऱ्याला सगळे ‘मास्तर’ म्हणत, कारण तो आधी तंत्रशाळेत शिकवायचा. कितीही साधा प्रश्न विचारला तरी तो खिशातून खडू काढून जमिनीवर चित्र काढायचा. ठोकर खाल्लेली गाडी धाकट्याने ओढून तिथे नेली आणि मास्तरने ती लिफ्टवर चढवली.

तिथे एक गंमत झाली. उभ्या माणसाला गाडीचं पोट बघायला लिफ्ट डोक्याच्या वर न्यावी लागते. मोठीसाठी मास्तरने ती मध्येच थांबवली आणि सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं, अगदी आपल्या टेबलावर मांडल्यासारखं. बरोबर काम करायच्या उंचीवर. इतक्या वर्षांत आपल्या गाडीखाली काय आहे हे तिने पहिल्यांदाच बघितलं.

मागच्या डाव्या बाजूची स्प्रिंग तिच्या बसायच्या वाटीतून निसटून तिरकी अडकली होती. मास्तरने ती हाताने काढून मोठीच्या मांडीवर ठेवली. एक टोक कारखान्यातून आलेलं, नीट घडवलेलं. दुसरं टोक ग्राइंडरने सरळ कापलेलं, धारदार.

मास्तरने खडू काढला आणि समजावून सांगितलं. दीड वेढा गेल्यावर स्प्रिंग मऊ होत नाही, उलट कडक होते. त्यात गाडी इतकी खाली आली की दबायला जागाच उरली नाही, म्हणून दर खड्ड्याला ती आतल्या रबराच्या ठोकळ्यावर आपटत होती. तो ठोकळा कधीतरी लागायचा आधार म्हणून असतो, रोज बसायचं आसन म्हणून नाही. शॉकॲब लांब स्प्रिंगसाठी बनवलेले, ते बिचारे चुकीच्या जागी काम करून तेल गाळत होते. आणि चाक हवेत लटकलं की आखूड झालेली स्प्रिंग वाटीत सैल व्हायची. तेच ते ‘खट्’. रोज ती निसटून नशिबाने परत जागेवर बसत होती. त्या दिवशी नाही बसली.

मोठी ऐकत होती आणि मध्ये मध्ये विचारत होती. हे का, ते इथेच का, हा दांडा तिरका का दिसतोय? मास्तरला शिकवायची सवय आणि हिला विचारायची. दुपार झाली तरी दोघांचं संपेना. धाकटा कंटाळून कोपऱ्यातल्या एका जुन्या टायरवर बसून राहिला.

शेवटी मुद्दा आला. मोठी म्हणाली, मला चार बोटं खाली हवी. मास्तरने मान हलवली.

“दोन बोटं. याच गाडीसाठी बनवलेल्या आखूड स्प्रिंगा येतात, त्यांच्या जोडीचे शॉकॲब येतात. ते बसवीन, चाकांचे कोन पुन्हा लावीन, पुढचे दिवेही नीट करीन. त्याखाली एक सूतही नाही.”

“मला चार लागतात, मास्तर. दोनने माझा खांदा वाचत नाही.”

“मग दुसऱ्याकडे जा. पण तुम्ही एकदा जाऊन आलाय.”

मोठीने वाद घातला नाही. ती घरी आली, टेबलाशी बसली आणि समोर पडलेलं काम हातात घेतलं. एका म्हाताऱ्या पेशंटची कवळी होती, चावा फार उंच झाला होता. ती वरची कवळी घासायला गेली आणि थांबली. सगळी उंची एकट्या वरच्या कवळीतून काढली की दात बुटके दिसतात आणि तोंडाचं गणित बिघडतं. उंची वाटून घ्यायची असते, थोडी वरून, थोडी खालून. इतकी वर्षं ती हेच करत आली होती, आणि गाडीच्या वेळी सगळी चार बोटं बिचाऱ्या स्प्रिंगांकडून मागत बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरकडे पुन्हा हजर. दोन बोटं स्प्रिंगांतून, तिने सांगितलं. एक बोट सीटच्या खालच्या बैठकीतून. आणि एक बोट माझ्या उशीतून.

उशी म्हणजे कामाच्या टेबलाचा प्रश्न होताच. तो तिने उलटा सोडवला. धाकट्याला लाकडाचे ठोकळे आणायला लावले आणि टेबलच एक बोट वर उचललं. जबडे, दिवा, यंत्र, खण, सगळं काढून परत लावायला दोघा नवरा-बायकोंना आख्खा रविवार गेला. वहिनी म्हणाली, गाडी खाली न्यायची म्हणून घर वर न्यावं लागतंय.

सीटची बैठक सोपी नव्हती. मास्तरच्या ओळखीच्या जोडकाम करणाऱ्याने नव्या कमी उंचीच्या पट्ट्या बनवल्या, मजबूत बोल्टने बसवल्या. मोठीने त्यात बसून बघितलं, खुर्चीत परत सरकून बघितलं, पुन्हा बसून बघितलं. एका बाजूला तिला किंचित तिरकं वाटत होतं. मास्तर म्हणाला, काही तिरकं नाही. तिने मोजायला लावलं. तिरकं होतं. मास्तरने निमूटपणे पट्टी बदलली.

मग गाडी सरकारी तपासणीला गेली, आणि नापास झाली. तपासणी करणारा अधिकारी शांत माणूस होता. तो स्वतः सीटवर बसला, पट्टा लावला आणि मोठीला दाखवलं की सीट खाली गेल्यामुळे कंबरेचा पट्टा आता पोटावर चढतोय. धक्का बसला तर हाडावर नाही, आतड्यांवर बसेल. धाकटा वैतागून काहीतरी बोलायला पुढे झाला. मोठीने त्याचा हात धरला आणि अधिकाऱ्याला म्हणाली की बरोबर आहे तुमचं, आम्ही परत येतो.

या सगळ्यात काम मागे पडत होतं. एका दवाखान्याने वाट बघून दुसऱ्याकडे कवळ्या द्यायला सुरुवात केली. टॅक्सीवाले फळी बघून तोंड वाकडं करायचे. खांदा दुखायचाच. एकदा टॅक्सीच्या उंच सीटवर चढताना ती घसरून फुटपाथवर बसली. ड्रायव्हर धावत आला तर म्हणाली, घाई नाही, आलेच आहे खाली तर टायर बघून घेते तुमचे. घरी आल्यावर मात्र तिने दार लावून घेतलं आणि बराच वेळ उघडलं नाही. संध्याकाळी बाहेर आली ती मास्तरला फोन लावतच.

पट्ट्याचा खालचा आधार सरकवला गेला. गाडी पुन्हा तपासणीला गेली. अधिकाऱ्याने पुन्हा बसून बघितलं, वाकून बोल्ट बघितले, मास्तरला दोन प्रश्न विचारले आणि सही केली.

गाडी मिळाल्यावर ती आधी बाजारामागच्या गल्लीत गेली. तिला दारात बघून फटाफट आतच घुटमळत राहिला. त्याला वाटलं, भांडायला किंवा भरपाई मागायला आली. मोठीने कापलेली स्प्रिंग त्याच्यासमोर ठेवली आणि सांगितलं, माझ्याबरोबर मास्तरकडे चल, खालून बघ. तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण तो आला. लिफ्टवर चढलेल्या गाडीखाली उभा राहून त्याने नव्या स्प्रिंगा, वाट्या, ठोकळे सगळं बघितलं, जुनी स्प्रिंग हातात फिरवत राहिला.

“मला कुणी शिकवलं नाही हो ताई,” तो म्हणाला. “दुसऱ्याचं बघून करायला लागलो.”

“मलाही कुणी जबरदस्ती केली नव्हती,” ती म्हणाली. “मला सगळं ऐकू येत होतं, तरी मी चालवत राहिले. पण आता तुलाही माहीत आहे आणि मलाही.”

फटाफट काही एका रात्रीत साधुसंत झाला नाही. ‘गाडी खाली बसवून मिळेल’ ही पाटी त्याने उतरवली, पण पुढे एकदा दोनदा त्याने पुन्हा स्प्रिंगा कापल्याचं मोठीच्या कानावर आलं. तिने फोन करून सरळ विचारलं. त्याने नाकारलं नाही. नंतर मात्र अशी गिऱ्हाइकं तो मास्तरकडे पाठवायला लागला, आणि मास्तर त्याला फावल्या वेळात बोलावून घ्यायला लागला. खडू काढून शिकवायला कुणीतरी मिळालं म्हणून मास्तरही खूश होता.

मोठीला एक नवीनच खोड लागली. दवाखान्याबाहेर जमिनीला टेकलेली गाडी दिसली की ती चालवणाऱ्याला हाक मारायची आणि विचारायची, कापल्यात का स्प्रिंगा? बहुतेकांना राग यायचा. काही जण थांबून ऐकायचे. एकाने तिला उर्मटपणे विचारलं की तुम्हाला गाड्यांतलं काय कळतं? तिने त्याला मागच्या चाकाशी कान लावून गाडी हलवायला सांगितली. ‘खट्’ वाजलं. त्याचा चेहरा उतरला.

आईचं हाड जुळलं. ती गाडीत बसायला आली तेव्हा तिने दार उघडून सीट, पट्टा, खाली जमीन, सगळं डोळे बारीक करून बघून घेतलं आणि मगच बसली. मोठीने ते बघितलं. तिला वाईट वाटलं नाही. तपासून बसायचा हक्क आईचा होता.

खांदा पूर्ण बरा झाला नाही, होणारही नव्हता. थंडीत कळ यायची. पण फळी आता सपाट होती, आणि डॉक्टरणीने पुढच्या तपासणीत हात वर-खाली करून बघितला, पुन्हा करून बघितला आणि हे असंच चालू ठेवा म्हणाली.

डोंगरापलीकडच्या एका गावात दातांचा दवाखाना होता. खांदा दुखायला लागल्यापासून मोठीने तिकडे जाणं सोडलं होतं. तिथल्या डॉक्टरांचा फोन आला की एक आजोबा आहेत, तीन ठिकाणी कवळ्या करून झाल्या, एकही बसत नाही, मुलगा म्हणतो राहू दे, आजोबा म्हणतात राहू देणार नाही. मोठी म्हणाली, उद्या येते.

घाट वळणावळणाचा होता. गाडी हळूच दबायची आणि हळूच वर यायची, चाकाशी कुठे घासल्याचा आवाज नाही. हात दांड्यावर स्थिर होता. ती दवाखान्यात पोचली, फळीवरून खुर्चीत आली आणि स्वतःच चाकं फिरवत आत गेली. आजोबा खुर्चीत ताठ बसले होते. मांडीवरच्या डब्यात तिन्ही कवळ्या, चेहऱ्यावर चौथीबद्दलचा संशय. त्यांनी तिच्या खुर्चीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“तुम्ही तरी बसवाल का नीट?” त्यांनी बोबड्या तोंडाने विचारलं.

“पहिल्या खेपेला नाही बसली तर दुसऱ्यांदा येईन,” मोठी म्हणाली. तिने खुर्ची त्यांच्या गुडघ्यांपर्यंत नेली, हातमोजे चढवले आणि दिवा जवळ ओढला. “आता तोंड उघडा, आजोबा. मोठं उघडा.”